दुसरी मंजुरी

आबांना मी फोर्क म्हणजे काय ते सांगायला बसले, तेव्हा ते शेडमध्ये डाळिंबं निवडत होते. माझे वडील. त्यांचा एक कान चालतो, एक नाही. म्हणून चालत्या कानाच्या बाजूला क्रेट पालथा घालून बसावं लागतं. मी म्हटलं, "आबा, एक सामान होतं, सगळ्यांचं होतं. ते एका कंपनीनं आपल्या ताब्यात घेतलं. मग आम्ही सात जणांनी जुनं सामान उचललं आणि वेगळी चूल मांडली."

"म्हंजी वाटणी झाली," आबा म्हणाले.

"वाटणीच. पण हिच्यात एक गंमत हाय. त्यांच्याकडं बी पुरतं राहतं आणि आमच्याकडं बी पुरतं येतं. अर्धं अर्धं न्हाय."

आबांनी हातातलं डाळिंब फिरवून पाहिलं, डाग दिसला, बाजूला टाकलं. "दोघांस्नी बी पुरतं मिळालं, मग भांडताय कशापायी?"

मी म्हटलं, तुम्ही डाळिंबं निवडा.

सामान म्हणजे सॉफ्टवेअरची लायब्ररी. लायब्ररी म्हटलं की गावात लोकांना कपाट आणि वर्तमानपत्रं आठवतात, म्हणून मी तो शब्द घरात काढत नाही. शेतात छोटी यंत्रं असतात. ठिबकचे व्हॉल्व्ह, मोटारीचा स्टार्टर, जमिनीतली ओल मोजणारी सळई. ती आपापल्या परीनं निरोप पाठवतात. ते निरोप वाचायचे, मोबाइलला समजतील असे करायचे आणि मोबाइलचा हुकूम परत यंत्रापर्यंत न्यायचा, एवढंच काम ही लायब्ररी करते. तिचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, वापरावा, चूक दिसली तर दुरुस्ती पाठवावी.

आमच्या बागेतले व्हॉल्व्ह तिच्यावरच चालतात. ते बसवताना मला एक चूक सापडली, मी दुरुस्ती पाठवली, आणि ज्यानं ती लायब्ररी मुळात लिहिली होती त्यानं ती घेतली. खाली एका शब्दात आभार मानले. आई जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. पुण्यातली खोली सोडून, नोकरीचं काम लॅपटॉपमध्ये घालून मी कळसला आबांकडे आले होते. दिवसभरात माझ्याशी बोलणारे दोघंच. एका कानाचे आबा आणि दुधाच्या गाडीचा हॉर्न. त्या एका शब्दावर मी आठवडा काढला, खोटं कशाला सांगू.

मग लायब्ररी मुळात लिहिणाऱ्या त्या माणसानं सगळं एका कंपनीला देऊन टाकलं. त्याचं होतं, त्यानं दिलं. पण नव्या आवृत्तीवर अटी आल्या. हे करायचं नाही, ते विचारल्याशिवाय वापरायचं नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी चर्चेच्या पानावर जे काही लिहिलं ते आता वाचवत नाही, इतकं तिखट आहे. तशीच तिखट आणखी सहा माणसं निघाली, सहाही वेगवेगळ्या देशांतली. अटी येण्याआधीचा जुना कोड खुलाच होता. तो आम्ही उचलला, नवं नाव दिलं आणि कामाला लागलो. फोर्क म्हणतात तो हाच. लोकांनी लोकांसाठी काढलेला फाटा.

दर गुरुवारी आमची बैठक. इथं ती धारांच्या वेळेला यायची, म्हणजे पडद्यावर सात तोंडं आणि माझ्या मागं गाईचं हंबरणं. पहिल्याच बैठकीत मी हट्ट धरला की कोडमध्ये कुठलाही बदल एकट्याच्या मर्जीनं जायचा नाही. एकानं लिहायचा, दुसऱ्यानं पूर्ण वाचून मंजूर करायचा. दुसरी मंजुरी नाही तर बदल नाही. एका माणसाच्या हातात सगळं होतं म्हणून तर आपल्यावर ही पाळी आली, असं मी जोरात म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

ती अक्कल काही माझी नव्हती. आमच्या सामाईक विहिरीवर स्टार्टरच्या पेटीला दोन कुलपं होती, एक आबांचं आणि एक चुलत्यांचं. दोघा भावांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. दोन्ही कुलपं निघाल्याशिवाय मोटार चालू व्हायची नाही. त्यामुळे रोज सकाळी दोघांना विहिरीवर यावंच लागायचं, आणि आलं की शिव्या देत का होईना बोलावं लागायचं. पुढं चुलते हिस्सा आमच्याकडे देऊन बारामतीला राहायला गेले. आबा एकाच कुलपाचे मालक झाले आणि विहिरीवर रेडिओ घेऊन जायला लागले. बैठकीत मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं मी कोडबद्दल बोलत नाहीय.

आमच्यात एक म्हातारे गृहस्थ होते. फार थंड देशातले. तिथल्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आबांनी एकदा मागून जाता जाता पडद्यावर त्यांना पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो तर कन्हेरीच्या आपल्या तात्यांवानी दिसतोय." झालं. तेव्हापासून आमच्या घरात त्यांचं नाव तात्या पडलं. माझे बदल वाचायला बहुतेक तेच यायचे, आणि वाचायचे म्हणजे काय, कीस पाडायचे. या ओळीत दोन विचार आहेत, दोन ओळी करा. हे नाव जे सांगतं ते काम इथं होत नाही. एकदा तर मी रागानं लॅपटॉप मिटून बागेत गेले आणि उगाचच बांधावरच्या पेरूच्या झाडांवर डाफरले. चार ओळींच्या बदलावर त्यांनी मला अकरा प्रश्न विचारले होते. अकराही बरोबर होते, ते वेगळं.

पण त्या भांडणाची मला सवय लागली. सकाळी चहाचा कप घेऊन मी आधी तात्यांनी काय लिहिलंय ते बघायची. आबा म्हणायचे, "आला का तुझा म्हातारा?" आणि मी म्हणायची, "आला, आणि नडला."

माणसं गळायला लागली ती कशी, हे मला अजून नीट सांगता येत नाही. एकाला मूल झालं, त्यानं निदान तसं कळवलं. एकीनं नोकरी बदलली. एक जण त्याच कंपनीत गेला, जिच्यावर आम्ही सगळे चिडलो होतो. बाकीचे नुसतेच यायचे थांबले. गावातून कुणी जायला निघालं तर फाट्यावर एसटीत चढताना हात तरी करतं. इथं तेही नाही. या गुरुवारी चार तोंडं, पुढच्या गुरुवारी तीन. मी विचारलं तर उत्तर यायचं की फार गडबड आहे, पुढच्या वेळी नक्की. शेवटी पडद्यावर मी आणि तात्या. दोघंच असलो तरी तात्या बरोबर वेळेवर यायचे. कान तुटलेल्या निळ्या कपातून काहीतरी प्यायचे आणि आधी मागच्या बैठकीचा वृत्तांत वाचायचे. दोघांच्या बैठकीचा वृत्तांत! मी हसले तर म्हणाले, नियम आहे.

आणि मग एका गुरुवारी तात्या आले नाहीत.

मी बसून राहिले. पडद्यावर माझंच तोंड. गाय हंबरली तर मी सवयीनं आवाज बंद केला, ऐकायला कुणी नसताना. पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. माझे दोन बदल मंजुरीसाठी थांबले होते, त्यांच्याखाली काही उमटेना. मी दोन पत्रं पाठवली, आधी हसतखेळत, मग काळजीनं. परत आली नाहीत आणि उत्तरही आलं नाही.

मी तरीही दर गुरुवारी बसायची. आबांना सांगायची, मीटिंग हाय. त्यांनी कधी विचारलं नाही की मीटिंगमध्ये कुणाचाच आवाज कसा येत नाही. त्यांना वाटत असेल आपल्या कानामुळं येत नाही.

असेच तीन-चार महिने गेले आणि एका अनोळखी माणसानं खासगीत कळवलं की लायब्ररीत भगदाड आहे. हुकूम कुणी पाठवला हे एका ठिकाणी तपासायचं राहून गेलं होतं. थोडी खटपट केली तर बाहेरचा कुणीही परक्याची मोटार चालू करू शकत होता, नाहीतर व्हॉल्व्ह बंद ठेवू शकत होता. त्यानं सभ्यपणे मुदत दिली. अमुक दिवसांनी तो हे जाहीर करणार होता, त्याआधी दुरुस्ती बाहेर यायला हवी होती. ऐन उन्हाळा होता. आमच्यासारख्या किती बागा, किती मोटारी या कोडवर चालतात ते मला माहीत नव्हतं आणि विचार करवत नव्हता.

दुरुस्ती लिहायला एक दिवस लागला. तपासायला दोन. मग ती ठेवली मंजुरीला आणि बसले. माझाच नियम माझ्या मानगुटीवर.

तो नियम बंद करायचं बटण माझ्याकडे होतं. एक टिचकी मारली की झालं. पण तसं केलं तर आम्ही त्या पहिल्या माणसाला नावं ठेवली ती कशासाठी? मी जुन्या सहा जणांना लिहिलं. एकानं उत्तर दिलं, तोच कंपनीवाला. म्हणाला, मनापासून वाईट वाटतं, पण मला आता तुमच्या कोडला हात लावायची परवानगी नाही. मग कोड वाचणारं कुणी मिळेल म्हणून मी स्कूटी काढून बारामतीला एका कॉलेजात गेले. तिथले सर भले माणूस, चहा पाजला. म्हणाले, परीक्षा चालू आहेत, जूनमध्ये प्रोजेक्ट वाटू तेव्हा एखादा ग्रुप देतो, सर्टिफिकेट द्याल ना? त्यांची काय चूक, मी आग विझवायला पाणी मागायला गेलेली आणि त्यांच्याकडे विहिरीचा नकाशा. येताना उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांच्या मागं अडकले आणि हेल्मेटच्या आत एकटीच मोठमोठ्यानं बडबडत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते केलं. आबांच्या नावानं, कोड मंजूर करता येईल असं एक खातं उघडलं.

असं करणारे जगात पुष्कळ आहेत. एकटाच माणूस, दोन खाती, स्वतःच लिहायचं आणि स्वतःच मंजूर करायचं. मला तेवढं नको होतं. मला निदान दुसऱ्या माणसाचं बोट हवं होतं. लाईट गेली होती, आबा ओट्यावर पडले होते. त्यांच्या चालत्या कानाशी बसून मी सगळं समजावून सांगितलं. निरोप कसा येतो, कुणाकडून आला हे कुठं बघायचं राहिलं होतं, आता ते कसं बघितलं जाईल. एकेक ओळ मराठीतून. आबांनी चष्मा लावून सगळं ऐकलं.

"आता हितं बोट लावा," मी म्हटलं.

"हितं लावलं की काय हुतं?"

"तुमी वाचलं आणि तुमाला पटलं, असं हुतं."

आबांनी हात मागं घेतला. "मला तर समजलं न्हाय."

"आबा, एवढा वेळ काय सांगितलं मी?"

"तू सांगितलंस ते ऐकलं. पण ते बरोबर हाय का न्हाय ह्ये मला कसं कळावं? न समजता कुठं बोट लावलं न्हाय आजवर."

मी चिडले. माझा आवाज चढला, रस्त्यानं जाणाऱ्या शेजारणीनं मान वळवली. म्हटलं, सगळ्या गावाला साक्षीच्या सह्या करता, पोरीचं एवढं काम करवत न्हाय. आबा म्हणाले, "त्या तुझ्या तात्यांस्नी इचार की."

"ते बोलत न्हाईत, आबा. बरेच दिवस झाले."

"आजारी हायेत का?"

"म्हाईत न्हाय."

"मग फोन लाव."

"नंबर न्हाय माझ्याकडं."

"गाव कंचं त्यांचं?"

"देश म्हाईत हाय. गाव न्हाय."

"घरात कोण असतंय?"

मी मान हलवली.

आबांनी चष्मा काढला. "मग वळख कसली गं तुमची?"

एका ओळीत दोन विचार तात्यांना खपत नाहीत हे मला माहीत होतं. नाही म्हणायच्या आधी ते खोकतात, हे माहीत होतं. चूक कबूल करताना पूर्ण वाक्य लिहितात, शेवटी टिंब देतात. एवढं तर मला माझ्या सख्ख्या भावाबद्दल सांगता येणार नाही. पण हा माणूस जिवंत आहे की गेला ते विचारायला जगात कुठलंही दार मला माहीत नव्हतं. मी उठले आणि गोठ्यामागं जाऊन रडले. फार एकटं वाटलं. आई गेली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा घर माणसांनी भरलं होतं.

आबांच्या नावाचं खातं मी त्याच दिवशी बंद केलं.

खरं तर वाट होती. आमच्या नियमावलीतच होती. सदस्य तीन महिने गप्प राहिला तर उरलेल्यांनी त्याला काढावं. आणि सदस्य एकच उरला तर दुसऱ्या मंजुरीची अट सुटते, फक्त त्यानं तसं उघड लिहायला हवं. ही दोन्ही कलमं तात्यांनीच घालायला लावली होती. कोण कधी थांबेल सांगता येत नाही, काम अडू नये, असं म्हणाले होते. मला ती पाठ होती, म्हणून तर मी इतके दिवस तिकडे बघत नव्हते. बाकीच्या पाच जणांना मी त्या महिन्यांत कधीच काढून मोकळी झाले होते, जड गेलं नव्हतं. आता यादीत माझ्याशिवाय एकच नाव होतं.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी मी दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. तात्या कुठं अडतील असं धरून वाचली. दोन नावं बदलली, एक ओळ तोडून दोन केल्या. मग सदस्यांच्या पानावर गेले आणि त्यांच्या नावापुढचं बटण दाबलं. मशीननं विचारलं, नक्की काढायचं का? मी हो म्हटलं. मशीननं लगेच सांगितलं की संबंधित व्यक्तीला तसं कळवण्यात आलं आहे.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काढलेल्याला पत्र जातं. तुम्हाला या प्रकल्पातून वगळण्यात आलं आहे, खाली वगळणाऱ्याचं नाव. म्हणजे माझं.

दुरुस्ती गेली. नव्या आवृत्तीबरोबर मी उघड लिहिलं की हे एकाच माणसानं लिहिलं आणि तपासलं आहे, दुसरं कुणी नाही. तासाभरात लोक उतरवून घ्यायला लागले. कुणी काही लिहिलं नाही. ज्यानं भगदाड दाखवलं होतं त्यानं शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. आमच्या बागेतले व्हॉल्व्हही मी नव्या आवृत्तीवर आणले.

संध्याकाळी जेवताना आबांनी विचारलं, "झालं का काम?"

"झालं."

"तात्या आलं का मग?"

"न्हाय. तात्यांना काढलं मी."

आबांचा घास हातातच राहिला. "सांगितलंस का त्यांस्नी?"

"मशीननं सांगितलं."

"मशीननं," आबा म्हणाले. भाकरी मोडली, आमटी ओढून घेतली. "तू सांगायचं हुतंस, बाई."

दुसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सुरू केलं, मग पुसलं आणि मराठीतच लिहिलं. नाहीतरी वाचणार कोण होतं. लिहिलं की रागावू नका, तुमच्याच कलमानं केलं. ओळ तोडून दोन केल्या. तुम्ही बरे आहात का? घरात तुम्हाला आम्ही तात्या म्हणतो, हे कधी सांगितलं नाही. आमच्याकडे डाळिंबाचा बहार धरलाय. पुष्कळ लांबलं पत्र. पाठवलं आणि भांडी घासायला घेतली.

हात पुसून आले तर पत्र परत आलं होतं. खाली इंग्रजीत एक ओळ, की ही पेटी भरली आहे, आता यात काही मावत नाही.

किती दिवसांत कुणी उघडलीच नसेल ती. मी खुर्चीत बसले. एवढा वेळ जे धरून ठेवलं होतं ते सुटलं. आबांनी ओट्यावरून हाक मारली तरी उठवेना. मग बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मशीनचं कालचं पत्रही असंच दारातून माघारी फिरलं असणार. काढल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी अजून आम्ही दोघं होतो.